‘वर्षभरात पीएच.डी.’ मिळते का? पैसे भरण्याआधी शिक्षकांनी हे नियम वाचावेत

“घरबसल्या शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट. जुने क्रेडिट ट्रान्सफर करा आणि वर्ष-दीड वर्षात नावापुढे डॉ. लावा.” अशा जाहिराती सध्या मोबाईलवर सारख्या येतात. एम.एड. झालेले झेडपीचे गुरुजी, ज्युनियर कॉलेजवरच्या मॅडम, बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी पोरं, सगळ्यांनाच त्याचा मोह पडतो. फी मात्र लाखात सांगतात. त्यामुळे नियम काय म्हणतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

तीन वर्षांच्या आत नाहीच

विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. त्यानुसार कोर्सवर्क धरून पीएच.डी.ला कमीत कमी ३ वर्षे लागतातच. जास्तीत जास्त मुदत ६ वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून २ वर्षे, पण एकूण १० वर्षांच्या पुढे नाही. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे.

म्हणजे ‘वर्षात डिग्री’ सांगणारा माणूस नियमाबाहेरचं काहीतरी विकतोय, हे पहिल्याच वाक्यात कळतं.

प्रवेश कोणाला?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. शिक्षणशास्त्रासाठी साधारणपणे एम.एड. किंवा एम.ए. एज्युकेशन धरतात. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट आहे.

नुसत्या गुणांवर प्रवेश होत नाही. एक वाट नेटची. जून २०२४ च्या नेटपासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशाला चालतात. जेआरएफ मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकीच्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. मात्र त्यांचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, त्यामुळे निकाल लागला की लगेच हालचाल करावी लागते. दुसरी वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेची, जिला आपल्याकडे ‘पेट’ म्हणतात. त्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. कोणतं विद्यापीठ काय मागतं, ते त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावं.

परीक्षा पास झाली तरी गाईडकडे जागा हवी. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. खरी अडचण बऱ्याचदा इथेच येते.

क्रेडिट म्हणजे काय आणि ते कुठवर चालतात?

वर्गातले १५ तास म्हणजे साधारण एक क्रेडिट. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट लागतात, म्हणजे ढोबळमानाने १८० तास. संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा विषय त्यातच येतो आणि तो सक्तीचा आहे. कोर्सवर्कला किमान ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संशोधन सल्लागार समितीने शिफारस केली तर यूजीसीमान्य ऑनलाईन कोर्सचे क्रेडिटही यात धरता येतात. जाहिरातवाले हीच गोष्ट फुगवून सांगतात. ऑनलाईन एखादा कोर्स चालतो, अख्खी पीएच.डी. नाही.

क्रेडिट साठवायला २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. डिजिलॉकरवरून खातं निघतं. पण खात्यात क्रेडिट आहेत म्हणून प्रबंध कमी होत नाही. बी.एड., एम.एड.चे क्रेडिट दाखवून संशोधनाची वर्षे कापता येत नाहीत.

लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदललेल्या महिला संशोधकांसाठी मात्र खरी सोय आहे. त्यांना आपली संशोधनाची माहिती नव्या विद्यापीठात नेता येते. ते काम जुन्या संस्थेने मिळवलेल्या प्रकल्पाचं नसावं आणि आधीच्या गाईडला व संस्थेला श्रेय द्यावं, एवढी अट आहे. जुनं कोर्सवर्क नवं विद्यापीठ मानणार का, हे सोडण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

मग ‘फास्ट’ डॉक्टरेट येते कुठून?

अमेरिकेत शिक्षण क्षेत्रासाठी एड.डी. नावाची डॉक्टरेट असते. तिथली काही विद्यापीठे मास्टर्सनंतर केलेल्या अभ्यासाचे ठरावीक क्रेडिट मानतात. त्याला साधारण बी किंवा वरची ग्रेड लागते. त्यामुळे वर्गातला काळ थोडा कमी होतो, पण प्रबंधाचं काम मात्र तिथेच करावं लागतं. तिथली पद्धत तिथे ठीक आहे. इथले एजंट तेच शब्द उचलून ऑनलाईन डिग्री विकतात. एडटेक कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांसोबत चालवलेल्या ऑनलाईन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केलंय. दूरस्थ किंवा ऑनलाईन पीएच.डी. देशातल्या विद्यापीठांनाही घेता येत नाही. ‘मानद डॉक्टरेट’ पैसे देऊन घेतली तर ती पीएच.डी. ठरत नाही, भिंतीवर लावायला बरी.

नोकरी सांभाळून कसं करायचं?

अर्धवेळ पीएच.डी.ला नियमात जागा आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. अभ्यासाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, या तीन गोष्टी त्यात हव्यात. दर सहामाहीला समितीपुढे प्रगती मांडावी लागते. शेवटी वाङ्मयचौर्य तपासणी, बाहेरचे किमान दोन परीक्षक आणि खुली तोंडी परीक्षा.

पैसे भरण्याआधी

- विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का आणि बोगस विद्यापीठांच्या यादीत तर नाही ना, ते वेबसाईटवर पाहा.
- गाईड त्याच विद्यापीठाचा किंवा संलग्न कॉलेजचा कायम प्राध्यापक आहे का, ते विचारा.
- त्या विद्यापीठाचे प्रबंध ‘शोधगंगा’वर दिसतात का, ते शोधा. पाहायला पैसे लागत नाहीत.
- फी एजंटच्या खात्यावर किंवा फोन-पेवर देऊ नका. विद्यापीठाच्या नावाची पावती घ्या.
- ‘प्रबंध आम्ही लिहून देतो’ असं कोणी म्हटलं, तर तिथूनच परत फिरा.