परका वाटणारा आपलाच आवाज

खोलीत कोणी नसताना कोणी हाका मारते, शिव्या देते, आज्ञा करते, असे सांगणाऱ्या माणसास आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरे मिळतात. ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस’ हे एक आणि ‘बाहेरची बाधा आहे’ हे दुसरे. मेंदूविज्ञानाच्या कसोटीस ही दोन्ही उत्तरे उतरत नाहीत.

१९९३ साली लंडनमध्ये फिलिप मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या १२ रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाह दोनदा मोजला. एकदा आवाज ऐकू येत असताना व एकदा ते थांबल्यावर. आवाज येत असताना ‘ब्रोका’ क्षेत्रातील रक्तप्रवाह वाढलेला आढळला. हे क्षेत्र श्रवणाचे नव्हे, तर बोलण्याची जुळणी करण्याचे आहे! पुढे १९९९ साली थॉमस डीर्क्स प्रभृतींनी मोजक्या रुग्णांत दाखविले की, बाहेर कोणताही शब्द उच्चारला गेला नसताही भासाच्या क्षणी श्रवणाचे प्राथमिक केंद्र कार्यरत होते. म्हणजे रुग्ण ‘ऐकू येते’ म्हणतो, ते खोटे नव्हे.

यावरून मांडली जाणारी एक उपपत्ती अशी : आपण मनाशी बोलतो, तेव्हा ‘हे शब्द माझेच’ अशी आगाऊ वर्दी मेंदू श्रवणकेंद्रास देतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या असता हसू येत नाही, तेही अशाच वर्दीमुळे. ती चुकली की आपलेच शब्द परक्याचे वाटू लागतात. ही उपपत्ती अद्याप निर्विवाद नाही. शिवाय आवाज ऐकणारा प्रत्येक जण मनोरुग्ण असतो, असेही नाही.

परंतु हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात, शिक्षण वा नोकरी सुरू होण्याच्या वयात डोके वर काढतो. त्या वेळी देवऋष्याकडे घालविलेले महिने कुटुंबास पैशांत मोजता येणार नाहीत इतके महाग पडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांस शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले आहे. कायद्याने जो भेद अमान्य केला, तो आपण घरात, वर्गात व कचेरीत का जपावा? हृदयविकाराच्या रुग्णास आपण ‘मनावर घेऊ नकोस’ एवढेच सांगून परत पाठवीत नाही. आवाज ऐकणाऱ्याचे म्हणणेही आधी ऐकून घ्यावे आणि मग त्यास डॉक्टरकडे न्यावे, एवढी अपेक्षा सुशिक्षित समाजाकडून निश्चितच करता येईल.