गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मापानें बांधलेला पट्टा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मासनस्थ बुद्धमूर्तीच्या स्थिर बैठकीचें आम्हांस फार कौतुक वाटतें. कारण घटकाभर मांडी घातली कीं आपल्या पायांस मुंग्या येतात. अशाच एका बैठकींतून व्यायामशास्त्रांतील एक नवा विचार निघाला. इ. स. १९६६ मध्यें जपानांत योशिआकी सातो हा तरुण एका बौद्ध धर्मविधीस गुडघे मोडून बसला असतां, कठोर व्यायामानंतर दुखाव्या तशा त्याच्या पोटऱ्या दुखूं लागल्या. रक्ताचा ओघ अडल्यानें हें घडलें असावें, असा त्यानें तर्क केला. पुढें १९७३ मध्यें स्कीइंग करतांना घोट्यास व गुडघ्यास इजा झाली, तेव्हां त्यानें स्वतःच्याच पायावर पट्टे बांधून प्रयोग केला. 'कात्सु' पद्धतीचा उगम हा असा आहे.

आमच्या घरांतील कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींशीं याचा काय संबंध, असें वाचक विचारतील. गुडघ्यांतील तुटलेला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, शस्त्रक्रियेनें नवा बसविला तरी मांडीचा स्नायु थोड्याच आठवड्यांत वाळूं लागतो. तो भरून येण्यास जड वजन उचलावें लागतें. पण नवा बंध तें सोसत नाहीं, आणि वाढत्या वयांत हाडांच्या टोकांशीं असलेल्या वाढीच्या कोवळ्या थरासही जपावें लागतें. यासाठीं मांडीच्या मुळाशीं हवेचा रुंद पट्टा बांधतात. त्यानें आंत येणारें रक्त कमी होतें व परतणारें थोपतें. मग एरवीं उचलतां येईल त्याच्या २० ते ३० टक्के वजनानेंही स्नायु लौकर थकतो, व प्राणवायूच्या तुटीमुळें त्यांतील बलवान् तंतूही कामास लागतात. प्रथम ३० आवृत्ति, मग १५-१५ च्या तीन, मध्यें अर्धा मिनिट विसांवा, असा सामान्य क्रम असतो.

येथें सर्व भिस्त मापावर आहे. कोणत्या दाबानें त्या पायाची रोहिणी पूर्ण बंद होते, तें आधीं पाहून त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच दाब देतात. घरीं दोरी किंवा फडकें आवळणें म्हणजे अनर्थास आमंत्रण! सुश्रुतानें सर्पदंशावर चार अंगुळें वर बंधन सांगितलें. परंतु घट्ट बंधनानें होणारी हानि ओळखून आजचें वैद्यक तेथेंही तें वर्ज्य मानतें. रक्ताच्या गुठळ्या, सिकलसेल किंवा अनावर रक्तदाब असल्यास हा उपाय नको. किशोरवयांतील प्रयोगही अद्याप थोडेच झाले आहेत. म्हणून नित्याच्या व्यायामास हा जोड आहे, पर्याय नव्हे.

अजिंठ्यासारख्या गांवाहून छत्रपती संभाजीनगर सुमारें १०० किलोमीटर. शस्त्रक्रियेस पालक कर्ज काढतात, पण पुढच्या फेऱ्या शाळा बुडते म्हणून टाळतात. मुलगी असल्यास तिचा खेळच बंद करतात. आमची विनंति इतकीच कीं, रुग्णालय सोडण्यापूर्वींच व्यायामाचा क्रम वहींत लिहून घ्यावा, फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचे दिवस ठरवावे, आणि नऊ महिने होऊन डॉक्टरांनीं बळ तपासल्याशिवाय मुलांस मैदानावर धाडूं नये.