माईकविना गाणारी मुंबईची पॅट्रिशिया

दिवाळी आटोपली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगावच्या मंडईला निघतात. रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक काय असते, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना सांगायला नको. युरोपातही गाण्यातून सांगितलेले नाटक आहे. त्याला ऑपेरा म्हणतात. तिथे संवादही बहुतेक गाऊनच होतात आणि गाणाऱ्यापुढे माईक नसतो. समोर वाद्यांचा मोठा ताफा वाजत असतो, त्यावरून एकट्या बाईचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. बायकांच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाला तिकडे सोप्रानो म्हणतात.

असा आवाज कमावून जगात नाव केलेली एक गायिका आपल्याच महाराष्ट्रात जन्मली. पॅट्रिशिया रोझारिओ, जन्म १९६०, मुंबई. हे शिक्षण घ्यायला मात्र त्यांना लंडन गाठावे लागले. तिथल्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्या शिकल्या, सुवर्णपदक मिळवले आणि मोत्झार्टच्या ऑपेरांतून गाऊ लागल्या.

त्यांचा आवाज जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराच्या मनात भरला. १९९२ साली त्यांच्या 'मेरी ऑफ इजिप्त' या ऑपेरात मुख्य भूमिका पॅट्रिशियाबाईंनी गायिली. पुढे टॅव्हनरांनी त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. एका गळ्यासाठी एवढे लिहिले जावे, हे पदकांपेक्षा मोठे! २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये टॅव्हनरांची सात तासांची रचना रात्रभर चालली, तीतही त्या गायिल्या. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला त्या जागरणाचे मोल कळेल. २००१ साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'ओबीई' हा किताब दिला होता.

ऑपेराचे भावंड म्हणजे ऑरेटोरिओ. कथा बहुधा धर्मग्रंथातली. पण पोशाख नाही, पडदे नाहीत, अभिनय नाही. उभे राहायचे आणि गायचे. हँडेलचा 'मसाया' हा त्यातला सर्वांत गाजलेला. तो १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा झाला आणि आजही गायिला जातो. आम्हाला विचाराल तर हेच अधिक कठीण. चूक झाली तर झाकायला काही नाही.

माईक नसताना आवाज पोचतो कसा? ओरडून नव्हे. ओरडले तर गळा आठवड्यात बसेल. श्वास खोल घेऊन तो बेताबेताने सोडायचा, छातीच्या फासळ्या एकदम खाली पडू द्यायच्या नाहीत, मान आणि जबडा सैल ठेवायचा. अगदी उंच सुराला तोंड इतके उघडावे लागते की शब्द पुसट होतात. ते स्पष्ट ठेवायला वर्षे लागतात. शेजारी बसून चूक दाखवणारा गुरू असल्याशिवाय हे साधत नाही.

असा गुरू इथल्या मुलामुलींना इथेच मिळावा म्हणून पॅट्रिशियाबाई आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, यांनी २००९ साली 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला. लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई त्यासाठी भारतात येऊन वर्ग घेऊ लागल्या.

आपल्याकडे जलशात, नाटकात कोवळ्या मुली घसा बसेपर्यंत गातात आणि आपण टाळ्या वाजवतो. ऑपेरातल्या जड भूमिका तिकडे विशीतल्या मुलींनाही सहसा देत नाहीत. गळा पक्का होईपर्यंत थांबवतात.