राखण एकच – फाटकाची आणि संगणकाची



उसाच्या फडाला तीन बाजूंनी तार ओढली आणि चौथी मोकळी सोडली, तर रानडुक्कर कुठून शिरते हे आपल्या मुळशीत कुणाला सांगायला नको. कारखान्याचेही तसेच आहे. फाटकावर पहारेकरी असतो, साखरेच्या गोदामाला कुलूप असते; पण उसाची नोंद, काट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशेब आता संगणकात असतो. ती चौथी बाजू झाली.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आठवा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत संगणकामार्फत शिरकाव केला. पैसे द्यावेत का, या प्रश्नाला बँकेऐवजी त्यांचीच बनावट यंत्रणा ‘द्या’ म्हणू लागली. मग भारतासह २८ देशांत त्यांच्या माणसांनी बनावट कार्डांनी पैसे काढले. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण ९४.४२ कोटी रुपये गेले. तिजोरीला कुणी हातही लावला नाही! पुढे काही आरोपी सापडले, त्यात एटीएमवरच्या कॅमेऱ्यांची मदत झाली. म्हणजे चोरी संगणकातली, पण पैसे उचलणारा हात माणसाचाच.

यातून आपण काय घ्यावे? सुट्टीवर असलेल्या कारकुनाच्या पासवर्डने काटाघरातला संगणक उघडला, तर माणूस आत आला का, हे फाटकावरची वहीच सांगेल. रात्री अनोळखी इसम काटाघराकडे दिसला, तर संगणकात काय बदलले, हे संगणक विभागच सांगेल. दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत, तर दोन पहारे असून नसल्यासारखे! म्हणून दोन्ही नोंदी रोज ताडून पाहाव्यात. नोकरी सोडणाऱ्याची किल्ली आणि पासवर्ड एकाच दिवशी बंद व्हावेत. हिशेबाची नक्कल दुसऱ्या इमारतीत, कुलपात असावी. वार्षिक सभेत याची विचारणा करणे हा आपला हक्कच आहे.

आपल्या घरचेही बघा. काट्याची पावती जपून ठेवा, बिलाशी ताडून पाहा. ‘कारखान्यातून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

कारखाना आपला आहे, तशी त्याची राखणही आपलीच आहे.