कर्सरचे दोन नकाशे

माउसच्या आज्ञेत पडद्यावर फिरणाऱ्या बाणाच्या जागी आपल्या पसंतीचे बिटमॅप चित्र बसवावयाचे, तर विंडोजच्या कृष्णधवल पद्धतीत 32 गुणिले 32, म्हणजे 1024 बिंदूंच्या त्या चौकोनासाठी प्रत्येक बिंदूस 0 वा 1 नेमून देणारे दोन नकाशे दाखल करावे लागतात. पहिल्यात 0 असेल तेथे पार्श्वभूमी पुसली जाते आणि दुसऱ्यातील 1 पांढरा, तर 0 काळा बिंदू उमटवितो. पहिल्यात 1 व दुसऱ्यात 0 असता पार्श्वभूमी अबाधित राहते. आणि दोहोंत 1 असता खालचा रंगच उलटतो, ज्यायोगे पांढऱ्यावर काळी व काळ्यावर पांढरी अशी रेघ आपोआप उठून दिसते. ही योजना मला अत्यंत सुंदर वाटते. तथापि चित्र इतक्या बिंदूंचे असले, तरी माउसच्या टिचकीची नोंद त्यांतील एकाच बिंदूच्या नावे होते. लेखणीच्या चित्रात तो निबेच्या अग्रावर असावा. नवोदितांनी चित्र रेखाटण्यापूर्वीच तो मुक्रर करावा.