जपानला शिकायला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं

मागच्या महिन्यात तळोद्यात एक वालिद शाळेत भेटायला आले. हातात एक रंगीत कागद होता. त्यावर चेरीची फुलं, बुलेट ट्रेन आणि खाली मोठ्या अक्षरात ‘उन्हाळी अभ्यासक्रम, जपान’. म्हणाले, “सर, दो महीने का कोर्स है. बच्चा पढेगा भी, कमाएगा भी, और फिर वहीं रह जाएगा, ऐसा बोलते.” त्यासाठी आधी दीड लाख भरायचे होते. मुलगा बारावी पास, हुशार. पैसे शेत गहाण ठेवून येणार होते.

त्या कागदावर तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या. त्या सुट्या करून पाहू.

पहिली, उन्हाळी अभ्यासक्रम. हा प्रकार खरा आहे. टोकियोतली सोफिया, वासेदा यांसारखी विद्यापीठं उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे वर्ग घेतात. त्यात भाषा, इतिहास, समाज असे विषय असतात. जपानी संस्कृती म्हणजे नुसता चहाचा समारंभ नाही. तिथे बाहेरून आलेली माणसं कशी जगतात, हाही आता अभ्यासाचा विषय आहे. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात कोरियन दुकानांच्या शेजारीच हलाल मटणाची आणि मसाल्यांची दुकानं आहेत. पण अशा लहान मुदतीसाठी मिळणाऱ्या व्हिसाची मर्यादा ९० दिवसांपर्यंत असते आणि त्यावर पगारी काम करता येत नाही. कोर्स संपला की परत यायचं. “वहीं रह जाएगा” हे इथेच खोटं ठरतं.

दुसरी, विद्यार्थी व्हिसा. हा लांब मुदतीच्या शिक्षणासाठी असतो. वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. मात्र एवढ्या कमाईत फी, खोलीचं भाडं आणि घरचं कर्ज, तिन्ही फिटतील असं समजू नये. जास्त तास काम करताना सापडलं तर व्हिसाच धोक्यात येतो.

तिसरी, कामाचा व्हिसा. जपानमध्ये म्हातारे वाढले, काम करणारे हात कमी झाले. म्हणून एप्रिल २०१९ पासून त्यांनी ‘तोकुतेई गिनो’ म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांसाठी नवीन व्हिसा सुरू केला. वृद्धांची सेवा, शेती, बांधकाम, हॉटेल अशी क्षेत्रं त्यात आहेत. भारताशी याबाबत जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीय जपानला जावेत असं उद्दिष्ट दोन्ही देशांनी ठेवलं. अट अशी की कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा, दोन्ही पास व्हायच्या. पहिल्या टप्प्याच्या या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं, पण बायको-मुलं सोबत नेता येत नाहीत. ही गोष्ट कागदावर कोणी छापत नाही.

शिकायला जाऊन तिथलाच झालेला मराठी माणूस आहे का? आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून जपानला गेले आणि परत आले. २००१ मध्ये नोकरीसाठी पुन्हा गेले, २०१२ मध्ये तिथले नागरिक झाले. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसेवक म्हणून निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. पहिल्या वारीपासून नागरिकत्वापर्यंत १५ वर्षं गेली, आणि हे सगळं भाषेच्या जोरावर.

आपल्या लोकांचा जपानशी संबंध तसा जुना आहे. मौलाना बरकतुल्ला भोपाली १९०९ मध्ये टोकियोच्या परदेशी भाषांच्या शाळेत हिंदुस्तानी शिकवायला गेले होते. कोबे शहरातली मशीद १९३५ ची. ती उभारण्यात तिथल्या हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांचा पैसा होता. तेव्हा नमाज, हलाल जेवण यांची सोय मोठ्या शहरांत होते. अडचण दफनाची आहे. तिथे जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं, कब्रस्तानं मोजकीच आहेत. ओइता प्रांतातल्या हिजी गावात मुसलमानांच्या कब्रस्तानाच्या जागेवरून कित्येक वर्षं वाद चालला. राहायला जाणाऱ्याने हेही माहीत करून घ्यावं.

भाषेचं म्हणाल तर उर्दू-मराठी बोलणाऱ्या मुलांना ती वाटते तेवढी परकी नाही. ‘मी शाळेला जातो’ हे जपानीत ‘वाताशी वा गाक्को नी इकिमासु’. क्रियापद शेवटी, आणि आपला ‘ला’ तसा त्यांचा ‘नी’, शब्दाच्या मागे. इंग्रजीपेक्षा ही वाक्यरचना आपल्या जवळची. लिपी मात्र घाम काढते: हिरागाना, काताकाना आणि वर कांजीची चित्राक्षरं.

जेएलपीटी परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. एन-५ सगळ्यात सोपी, कामगार व्हिसाला साधारण एन-४ लागते. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे-मुंबईला केंद्रं आहेत. तळोद्याहून रात्रभराचा प्रवास, पण दीड लाख लागत नाहीत. आणि नोकरीसाठी बाहेर पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा.

त्या वालिदांनी फोन लावून नंबर मागितला. “ऑफिसला या, मग सांगतो,” असं उत्तर आलं. ते गेले नाहीत. मुलगा सध्या मोबाईलवर बघून हिरागाना गिरवतोय, आठवड्याला दहा अक्षरं.