आधी पाती उतरवा

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी उंब्रजला आलात, तर पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण पोरे मोटरसायकलवरून चाफळच्या रस्त्याला वळताना दिसतील. त्यांना सडावाघापूरच्या पठारावर जायचे असते. तिथे वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर येते. पूर्वी लोक ते नुसते डोळ्यांनी बघत. आता पोरांच्या पिशवीत ड्रोन असतो.

लग्नात डोक्यावर घिरट्या घालतो तो ड्रोन वेगळा. उडवणाऱ्याने हात सोडले तरी तो हवेत एका जागी थांबतो. मी बोलणार आहे तो एफपीव्ही ड्रोन. उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवतो, ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो तेच त्याला दिसते आणि रिमोटच्या दोन स्टिकांवर तो जणू स्वतःच उडत राहतो. हा ड्रोन आपणहून थांबत नाही. ताशी शंभर किलोमीटरचा वेग त्याला सहज गाठता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या मैदानांवर धावत्या बैलांच्या मागे लागलेले हे ड्रोन नवे राहिलेले नाहीत. बैलांना त्या आवाजाचे काय वाटते, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवतो. तो विचारायला हवा एवढे मात्र खरे.

या ड्रोनचे फर्मवेअर कसे बदलावे, म्हणजे पोरांच्या भाषेत अपडेट कसा मारावा, हा आजचा विषय. कविता लिहिणाऱ्या माणसाने यात का पडावे, असे कुणालाही वाटेल. माझा भाचा स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात हे ड्रोन जोडतो. त्याच्या टेबलाशी बसून मी जे पाहिले आणि विचारून घेतले, ते मला प्रुफे तपासण्याच्या कामाच्या फार जवळचे वाटले.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेला मजकूर. ड्रोनच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, तिला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. तिच्यावरचा गायरो ड्रोन किती कलला, किती वळला हे सेकंदाला हजारो वेळा सांगतो आणि फर्मवेअर तितक्याच घाईने चार मोटरींना हुकूम सोडते. कोणी जोरात, कोणी हळू. हा मजकूर नसेल तर ते सगळे लोखंड, तांबे आणि कार्बन फायबर नुसते वजन आहे.

आपल्याकडे हे काम पोरांच्याच हातात आहे, यालाही कारण आहे. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना त्यातून सवलत दिली आणि सुट्या भागांवर बंधन घातले नाही. साहजिकच छांदिष्टांनी मोटर, फ्रेम, पट्टी असे सुटे भाग मागवून ड्रोन घरी जोडणे चालू ठेवले. घरी जोडलेल्या ड्रोनचा मजकूरही घरीच भरावा लागतो.

एफपीव्हीत सर्वांत जास्त चालते ते बीटाफ्लाइट. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. निन्टेन्डो कंपनीच्या वी नावाच्या खेळाच्या हातयंत्रातला गायरो काढून एका फ्रेंच छांदिष्टाने मल्टीवी तयार केले. त्यावरून बेसफ्लाइट निघाले, त्यातून क्लीनफ्लाइट आणि क्लीनफ्लाइटमधून बीटाफ्लाइट. मजकूर सर्वांना खुला, त्यामुळे प्रत्येक नकलाकाराने आपली दुरुस्ती घातली. जुन्या पोथ्यांच्या नकला अशाच उतरत आल्या. फरक इतकाच, की पोथीतला पाठभेद कुणाचे बोट कापत नाही.

अपडेट मारावा की नाही, हे आधी ठरवावे. नवी आवृत्ती आली एवढे कारण पुरत नाही. भाचा म्हणतो, "मामू, नवीन आलंय म्हणून मारायचं नसतं. आपलं दुखणं काय हाय, त्येवढं बघायचं." प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदलले याचे टिपण येते. आपल्या ड्रोनची अडचण त्यात असेल, नवा भाग जोडायचा असेल आणि त्याला जुनी आवृत्ती ओळखत नसेल, तर अपडेट करावा. दुसऱ्या दिवशी मैदानावर चित्रण असेल तर आदल्या रात्री अजिबात करू नये.

या बाबतीत मला मंगळावरची गोष्ट फार आवडते. नासाचे इंजेन्युइटी हे सुमारे पावणेदोन किलोचे हेलिकॉप्टर एप्रिल २०२१ मध्ये तिथे पहिले उड्डाण करायच्या तयारीत होते. ९ एप्रिलला पाती जोरात फिरवून पाहण्याची चाचणी मध्येच थांबली. उड्डाणापूर्वीच्या अवस्थेतून उड्डाणाच्या अवस्थेत जाताना वेळेचे गणित चुकले आणि आतल्या पहारेकरी घड्याळाने काम थांबवले. शास्त्रज्ञांसमोर दोन वाटा होत्या. एक, उड्डाणाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करून पुन्हा भरायचे. दुसरी, त्याला हात न लावता पृथ्वीवरून पाठवायच्या आज्ञांच्या वेळा थोड्या बदलायच्या. दुसरी वाट साधारण ८५ टक्के वेळाच यशस्वी होईल, हे त्यांना चाचण्यांवरून माहीत होते. तरी त्यांनी तीच आधी धरली. कारण आतले सॉफ्टवेअर जवळजवळ दोन वर्षे नीट चालत आलेले होते, आणि नवी युक्ती फसली तरी हेलिकॉप्टर जमिनीवर सुखरूप राहणार होते. १९ एप्रिलला ते उडाले. २९ एप्रिलला उरलेल्या पंधरा टक्क्यांनी आपला हिस्सा मागितला, हेलिकॉप्टर उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आज्ञा दिली आणि उठले. जमिनीवर बसून फसणारी चूक त्यांनी पत्करली, हवेत फसणारी नाही.

आता टेबलाकडे येऊ. पहिले काम पाती उतरवण्याचे. संगणकाला वायर जोडण्याआधी, काहीही उघडण्याआधी. चारही पाती काढून टेबलावर समोर ठेवायची, म्हणजे ती ड्रोनवर नाहीत हे डोळ्यांना दिसत राहते. पाच इंची पाते मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेऊ शकते. भाच्याच्या ओळखीतल्या एका मुलाने रात्री घरातच पलंगावर बसून अपडेट केला. मोटरींची दिशा तपासायची म्हणून बॅटरी लावली. प्रोग्रॅममध्ये मोटर फिरवण्यापूर्वी एक खूण करावी लागते: धोका समजला, पाती काढली आहेत. त्याने खूण केली. पाती तशीच होती. पट्टी सरकवली, ड्रोन पलंगावरून उसळला आणि त्याने तो हाताने धरला. उजव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले. बोटे आहेत, पण एका बोटाचा शेंडा आजही बधिर आहे, आणि मोबाइलमधले बारीक स्क्रू काढणे हाच त्याचाही धंदा आहे. शेजारच्या गादीवर त्याची धाकटी बहीण झोपलेली होती, हे तो नंतर बऱ्याच दिवसांनी बोलला.

दुसरे काम नक्कल ठेवण्याचे. माझ्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा मी पहिली रद्दीत घालत नाही, शेजारी ठेवतो. बीटाफ्लाइटमध्ये आज्ञा लिहायची एक खिडकी असते. तिथे 'डिफ ऑल' असे लिहिले, की कारखान्यातून आलेल्या मूळ मांडणीत आपण जे जे बदलले तेवढे सगळे उतरून येते. ते फाइलमध्ये साठवावे आणि फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा आकडा घालावा. 'डंप' नावाची दुसरी आज्ञा आहे, ती बदललेले आणि न बदललेले सगळेच ओतते. पुष्कळ पोरांना वाटते, सगळे असले की बरे. पण जुन्या आवृत्तीचा सगळा डंप नव्या आवृत्तीत चिकटवणे म्हणजे जुन्या घराच्या किल्ल्या नव्या कुलपांत कोंबणे. मधल्या काळात काही नावे बदललेली असतात, काही आकड्यांचे अर्थ बदललेले असतात. डिफसुद्धा मोठ्या आवृत्तीबदलात डोळे मिटून चिकटवू नये. ओळीने वाचावा आणि रिमोटचे स्विच, जोडण्या, मोटरींचा क्रम एवढे घ्यावे. उडण्याचा स्वभाव ठरवणारे आकडे नव्या आवृत्तीचेच राहू द्यावेत.

तिसरे, पट्टीचे नेमके नाव. त्याच खिडकीत 'व्हर्जन' लिहिले की ते दिसते. जवळपासचे नाव चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन पट्ट्यांत तारा वेगळ्या ठिकाणी गेलेल्या असतात. मग डेटा वाहून नेणारी वायर घ्यावी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीने संगणकाला ड्रोन दिसतच नाही आणि पोरे तास तास डोके धरून बसतात. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, कारण मजकूर अर्धा भरलेला असताना वीज गेली तर पट्टी मुकी होते.

मुकी झाली तरी घाबरायचे कारण बहुतेक नसते. या पट्ट्यांवर एसटीएम३२ जातीची चिप असते, आणि तिच्यात कारखान्यातच कोरलेला एक लहानसा प्रोग्रॅम असतो. तो आपल्याला पुसता येत नाही. पट्टीवरचे बूट नावाचे बारीक बटण दाबून धरून वायर जोडली, की चिप आपला सगळा अलीकडचा मजकूर बाजूला ठेवून त्या मूळ प्रोग्रॅमने जागी होते आणि नवे फर्मवेअर घ्यायला तयार होते. हे ज्यांना ठाऊक नाही, ते चांगली पट्टी भंगारात टाकतात.

मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीचे तसे नाही. त्याचेही फर्मवेअर असते आणि तिथे नाव चुकले तर मोटर फिरवताच त्यातले ट्रान्झिस्टर जळू शकतात. शिवाय त्याच्याशी बोलायचे तर बॅटरी लावावीच लागते, म्हणून पात्यांचा नियम इथे सर्वांत कडक. पुष्कळ ड्रोनमध्ये असलेल्या बीएलहेली ३२ या फर्मवेअरचे काम २०२४ मध्ये थांबले. ते ज्यांच्याकडे चालू आहे त्यांनी उगाच छेडू नये. बदलायचेच असेल तर एएम३२ हे खुले फर्मवेअर आपल्या ईएससीला चालते का, ते आधी पाहावे. बॅटरी लावलेली असेल तेवढा वेळ समोर टेबलफॅन ठेवावा. चित्र पाठवणारा भाग हवेत वाऱ्याने थंड राहतो, टेबलावर तो तापून निकामी होऊ शकतो.

रिमोट आणि ड्रोनमधला रिसीव्हर यांचे नाते जोडप्यासारखे आहे. एक्सप्रेस-एलआरएस वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की दोन्हीकडच्या आवृत्तीचा पहिला आकडा एकच लागतो. रिमोट तिसऱ्या मालिकेत गेला आणि रिसीव्हर दुसऱ्यातच राहिला, तर त्यांचा संवाद तुटतो. म्हणून दोन्ही एकाच बैठकीत करावेत आणि रिमोटच्या रेडिओला अँटेना लावल्याशिवाय तो चालू करू नये.

मजकूर भरून झाला की पाती लगेच बसवू नयेत. ड्रोन हातात धरून पुढे कलवावा, पडद्यावरचा ड्रोनही पुढेच कलला पाहिजे. रिमोटची प्रत्येक स्टिक हलवून योग्य तीच पट्टी हलते ना, ते बघावे. मोटरी एकेक फिरवून क्रम आणि दिशा तपासावी. मग फेलसेफ. मोटरी हळू फिरत असताना रिमोट बंद करायचा. त्या थोड्याच वेळात आपोआप थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर त्या दिवशी उड्डाण नाही. मैदानावर दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात, लहान पोरे बापाच्या खांद्यावर असतात. संपर्क तुटलेला ड्रोन पुढे जात राहणे आणि जागीच खाली पडणे यांतला फरक या एका तपासणीवर ठरतो. अर्थात जागीच पडणाराही पाऊण किलोचा असतो, म्हणून माणसांच्या डोक्यावरून तो नेऊच नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याला प्रमाणपत्र बंधनकारक केले. शर्यतीचे चित्रण करून पैसे घेणाऱ्यांनी हा नियम माहीत नसल्याचे सांगू नये.

पहिले उड्डाण कापणी झालेल्या रिकाम्या रानात, गुडघ्याइतक्या उंचीवर, अर्ध्या मिनिटाचे. शेजारी गॉगल न लावलेला एक माणूस उभा असावा. उतरवून, बॅटरी काढून मोटरींना हात लावून पाहावे. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर आत काहीतरी बिनसले आहे आणि पुन्हा टेबलावर जायचे आहे. सगळे जमले की भाचा घरी येऊन आणखी एकदा डिफ ऑल काढतो, नव्या तारखेने साठवतो आणि दुकानातल्या वहीत पेन्सिलने आवृत्तीचा आकडा लिहितो. त्या वहीत मागच्या तीन वर्षांच्या नोंदी आहेत, आणि कुठल्या अपडेटनंतर कुठली मोटर तापली तेही समासात लिहिलेले आहे.